एक ते एकाहत्तर

मंगळवार, १ फेब्रुवारी २०११. उरले आठ दिवस

अमेरिकेत त्या दिवशी कुणी गूगलवर 'ड्रेसेस' एवढा एकच शब्द टाकला, तर सगळ्यात वर जेसी पेनी या दुकानाचं पान यायचं. 'बेडिंग' टाकलं तरी पेनी, 'एरिया रग्ज' टाकलं तरी पेनी. 'स्किनी जीन्स', 'होम डेकोर', 'टेबलक्लॉथ', वर धातूच्या कड्या बसवलेले पडदे, जिथे पाहावं तिथे पेनी पहिली, नाहीतर पहिलीला खेटून. कहर म्हणजे 'सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज' असं बॅग बनवणाऱ्या कंपनीच्या नावासकट शोधलं, तरी सॅमसोनाइटची स्वतःची वेबसाइट खाली आणि पेनी वर. तपासलेल्या ५९ शब्दांवरचा पेनीचा सरासरी क्रमांक त्या मंगळवारी १.३ होता.

हे एखाद्या आठवड्याचं नशीब नव्हतं. नाताळच्या खरेदीचा हंगाम, म्हणजे अमेरिकेतल्या दुकानदाराची दिवाळी, पेनीने याच जागेवर बसून काढला होता. त्या जागेची किंमतही काढता येते. 'ड्रेसेस' हा शब्द अमेरिकेत महिन्याला सरासरी १ कोटी ११ लाख वेळा शोधला जातो, असा गूगलच्याच साधनाचा अंदाज होता. पहिल्या निकालावर तेव्हा साधारण ३४ टक्के लोक क्लिक करायचे, दुसऱ्यावर त्याच्या निम्मे. म्हणजे एका शब्दावर महिन्याला ३८ लाखांच्या आसपास माणसं दाराशी, आणि त्यांच्यासाठी जाहिरातीवर एक डॉलर खर्च नाही.

पेनी ही काही कालपरवा उघडलेली ऑनलाइन टपरी नव्हती. जेम्स कॅश पेनी यांनी १९०२ मध्ये वायोमिंग राज्यातल्या केमरर या खाणकामगारांच्या गावात दुकान थाटलं, तेव्हा पाटीवर नाव होतं 'गोल्डन रूल'. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्यांच्याशी वागावं, ही बायबलमधली शिकवण. २०११ पर्यंत त्या एका दुकानाची अकराशेहून अधिक दुकानं झाली होती, मुख्यालय टेक्ससमधल्या प्लेनो शहरात होतं आणि वर्षाची उलाढाल १७.८ अब्ज डॉलरची. घराघरात जाणारा 'बिग बुक' नावाचा जाडजूड कॅटलॉग बंद करत असल्याचं कंपनीने २००९ मध्ये जाहीर केलं होतं. कॅटलॉग गेला की गिऱ्हाईक वस्तू शोधणार कुठे, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा एकच होतं.

थोडं मागे: ३१ डिसेंबर २००३

आठ दिवसांनी काय झालं ते कळायला लिंकेचं अर्थशास्त्र थोडं माहीत असावं लागतं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मांडलेली कल्पना अशी, की एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला म्हणजे त्याला मत दिलं, आणि मत देणारं पान जितकं वजनदार तितकं मतही वजनदार. शिवाय ज्या शब्दांवर ती लिंक लावलेली असते ते शब्दही मोजले जातात. 'लिटल ब्लॅक ड्रेस' या अक्षरांवर क्लिक केल्यावर पेनीचं पान उघडत असेल, तर ते पान काळ्या ड्रेसबद्दलचं आहे अशी साक्ष दुसऱ्याच कुणीतरी दिली, असा त्याचा अर्थ.

मतांना किंमत आली की मतं विकत मिळू लागतात. सभेला ट्रक भरून माणसं आणावीत तशा लिंका आणल्या जाऊ लागल्या. गूगलला हे दिसत होतंच. २००३ सालच्या शेवटच्या दिवशी कंपनीने एका पेटंटसाठी अर्ज केला. तो मार्च २००५ मध्ये जगासमोर आला. पानाचा इतिहास पाहून त्याला गुण द्यायचे, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. त्यात एक निरीक्षण होतं. सरळमार्गी पानाला लिंका हळूहळू मिळतात. त्या अचानक उसळल्या तर अर्थ दोन: एक तर काहीतरी खरंच घडलंय, किंवा कुणीतरी शोधयंत्राला फसवतोय. खऱ्या उसळीचं उदाहरण म्हणून त्यात सार्सची साथ आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची वेबसाइट दिली होती. साथ आली की सगळं जग त्या एका पानाकडे बोट दाखवणार, त्यात लबाडी कसली?

पेटंटमध्ये आणखी बरंच होतं. लिंक देणाऱ्या पानावर संपादकाचा हात आहे की कुणीही यावं आणि काहीही चिकटवावं असा कारभार आहे, हेही पाहावं असं त्यात सुचवलं होतं. पण एसईओच्या, म्हणजे साइट्स शोधनिकालांत वर आणण्याच्या, धंद्याने त्यातून उचलला तो फक्त वेगाचा मुद्दा. ट्रक एकदम आणू नका, तासाला एक आणा. इथूनच 'लिंक व्हेलॉसिटी' नावाचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. नव्या साइटने पहिल्या महिन्यात किती लिंका घ्याव्यात, दुसऱ्या महिन्यात किती, जुन्या साइटला किती झेपतात, अशा कोष्टकांचं पीक आलं. कोष्टक करणाऱ्यांपैकी कुणालाही गूगलने आकडा सांगितलेला नव्हता. गूगलच्या नियमावलीत तेव्हाही महिन्याला अमुक लिंका असं काही नव्हतं आणि आजही नाही. क्रमांक वाढवण्यासाठी लिंक विकत घेऊ नका, विकू नका, असं आहे. मग पोलिसाने वेगमर्यादेची पाटी लावलेलीच नसताना लोक मर्यादेच्या आत गाडी कशी चालवायची याची शिकवणी लावत होते, आणि शिकवणी घेणारे फी वाढवत होते.

नोव्हेंबर २०१०. उरले तीन महिने

या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिली गूगलच्या आत घडली. पेनीच्या साइटसंदर्भात नियमभंग झाल्याचं गूगलला त्याआधी दोनदा आढळलं होतं. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा आढळलं. काही दुरुस्त्या झाल्या, पेनीचे काही निकाल खाली आणले गेले आणि विषय मिटला. मोठी शिक्षा झाली नाही आणि नंतर वळून कुणी पाहिलंही नाही. आठ दिवसांच्या गोष्टीतला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील हाच. ज्या यंत्राच्या भीतीने लोक लिंकांचा वेग मोजत होते, त्या यंत्राच्या मालकाला तीनदा कळूनही डिसेंबरभर पेनी पहिल्या जागेवर होती.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आली. ग्राहकांच्या तक्रारींवर सदर लिहिणारे डेव्हिड सीगल यांनी ब्रुकलिनच्या एका चष्मेविक्याची हकीकत लिहिली. हा गृहस्थ गिऱ्हाइकांना धमकावायचा, लोक इंटरनेटवर त्याच्या नावाने बोटं मोडायचे, आणि त्या शिव्याशापांतल्या लिंकांनी आपला गूगलमधला क्रमांक वर जातो, असं तो फुशारकीने सांगायचा. बातमीनंतर काही दिवसांतच, १ डिसेंबरला, गूगलमध्ये निकालांच्या क्रमवारीची जबाबदारी सांभाळणारे अमित सिंघल यांनी अल्गोरिदम बदलल्याचं जाहीर केलं. सिंघल मूळचे झाशीचे, रुरकीत शिकलेले. त्याच आठवड्यात युरोपीय आयोगाने गूगलविरुद्ध औपचारिक चौकशी उघडली होती, त्यामुळे वातावरण आधीच तापलेलं. आता सीगल यांच्याकडे एक वार्ताहर म्हणून नवा प्रश्न होता. एका गावगुंडाला जे जमलं ते मोठ्या कंपन्यांना जमत नसेल कशावरून?

९ फेब्रुवारीच्या आधीचे दिवस

पेनी सगळीकडे पहिली कशी, हे शोधायचं काम टाइम्सने न्यूयॉर्कमधल्या ब्लू फाउंटन मीडिया या कंपनीतले एसईओचे जाणकार डग पीअर्स यांच्याकडे दिलं. त्यांनी पेनीकडे येणाऱ्या लिंका उलट्या दिशेने तपासायला घेतल्या.

सापडलं ते असं. 'कॅज्युअल ड्रेसेस', 'इव्हनिंग ड्रेसेस', 'लिटल ब्लॅक ड्रेस', 'कॉकटेल ड्रेस' अशा शब्दांवर लावलेल्या आणि थेट पेनीच्या कपड्यांच्या पानावर नेणाऱ्या लिंका २,०१५ पानांवर होत्या. आणि ती पानं कसली? एक अणुअभियांत्रिकीच्या साइटवरचं. एक बल्गेरियात घर-जमीन विकणाऱ्या साइटवरचं. बाकीची रोगांवरची, कॅमेऱ्यांवरची, कुत्र्यांवरची, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरची, घोरण्यावरची, हिऱ्याच्या टोकाच्या ड्रिलवरची, न्हाणीघरातल्या फरश्यांवरची, मासेमारीवरची, विनोदांवरची, दातांच्या डॉक्टरांवरची. काही साइट्स उघडल्यावर तर लिंकांच्या रांगेखेरीज दुसरं काही नाही. कुणीतरी पैसे मोजून शेकडो साइट्सवर हजारो लिंका पेरल्या होत्या. असा महत्त्वाकांक्षी खटाटोप आपण कधी ऐकलाही नव्हता, आणि तोही एवढ्या नावाजलेल्या दुकानासाठी, असं पीअर्स यांचं म्हणणं पडलं.

या यादीकडे वेगाच्या नजरेने पाहा. २,०१५ पानं एका रात्रीत तयार झाली की वर्षभरात? रोज पाच की आठवड्याला पन्नास? बातमीचा सगळा भार या प्रश्नाला वगळून उभा आहे. पीअर्स यांना वेळापत्रक लागलं नाही, सीगल यांना लागलं नाही, पुढे गूगललाही लागणार नव्हतं. अणुअभियांत्रिकीच्या पानावर 'कॅज्युअल ड्रेसेस' दिसले की पुरे. ती लिंक गेल्या मंगळवारी लागली असो की गेल्या दिवाळीत, वाचणाऱ्याला हसू येतंच.

आणि लिंक एकेक करून पेरली तरी तिचा माग पुसला जात नाही. ती तिथेच असते, उघड्यावर, कुणीही मोजावी अशी. हळू जाण्याचा फायदा इतकाच, की ढीग दिसेपर्यंत ढीग मोठा होतो.

मंगळवार, ८ फेब्रुवारी. उरला एक दिवस

सरासरी क्रमांक १.३ वरून ४ वर. गूगलच्या अल्गोरिदममध्ये त्या दिवसांत बदल सुरू झाले होते आणि पेनी स्वतःहूनच घसरायला लागली होती. घसरण हलकी होती. प्लेनोत कुणाची झोप उडावी असं यात काही नव्हतं. क्रमांक असे वरखाली होतच असतात.

बुधवार, ९ फेब्रुवारी. उरले काही तास

टाइम्सने जमवलेले पुरावे गूगलकडे गेले आणि मॅट कट्स मुलाखतीला तयार झाले. कट्स हे तेव्हा गूगलच्या वेबस्पॅम विभागाचे प्रमुख. एसईओवाल्यांच्या जगात त्यांचं स्थान थोडं विचित्र होतं. परिषदांमध्ये लोक त्यांच्याभोवती गराडा घालायचे, त्यांच्या प्रत्येक वाक्यातून आकडा हुडकायचे आणि घरी जाऊन कोष्टक सुधारायचे. बुधवारच्या तासाभराच्या मुलाखतीत कट्स यांनी लिंकांची यादी पाहिली आणि हे आमच्या नियमांत बसत नाही, असं स्पष्ट सांगितलं. आपण यावर खूश नाही, कडक कारवाई होईल, असंही.

एक अवघड प्रश्न टेबलावर होताच. पेनी ही गूगलची मोठी जाहिरातदार होती. आदल्या वर्षी ॲडव्हर्टायझिंग एज या नियतकालिकाच्या हाती लागलेल्या गूगलच्या एका कागदानुसार पेनीचा गूगलवरच्या जाहिरातींचा खर्च महिन्याला २४ लाख ६० हजार डॉलर होता. एवढा देणारा गिऱ्हाईक म्हणून डोळेझाक झाली का? कट्स यांनी ठाम नकार दिला. जाहिरात विकणारे आणि निकाल लावणारे यांच्यात भिंत आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे त्यांचं उत्तर. मला ते खोटं वाटत नाही. पण तिसऱ्या नियमभंगानंतरही वळून न पाहणं हा निष्काळजीपणा होता, आणि तो झाकायला भिंत पुरत नाही.

पेनीच्या प्रवक्त्यांनी हात झटकले. या लिंका आम्ही लावायला सांगितल्या नाहीत, आम्हाला त्यांची माहिती नव्हती, आमच्या धोरणात ते बसत नाही, त्या काढायचं काम चालू आहे. सोबत एक आकडाही दिला: साइटवर येणाऱ्यांपैकी फक्त ७ टक्के लोक शोधनिकालांतून येतात. म्हणजे हा फार मोठा मामला नाही, असं सुचवायचं होतं. एसईओचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीला पेनीने काढून टाकलं. पैसे नक्की कुणी मोजले, कुणाच्या सांगण्यावरून मोजले, हे जाहीरपणे कधीच सिद्ध झालं नाही.

बुधवार, सायंकाळी ७

न्यूयॉर्कमध्ये सात, प्लेनोत सहा, कॅलिफोर्नियात गूगलच्या मुख्यालयात दुपारचे चार. महाराष्ट्रात गुरुवार उजाडत होता, पहाटेचे साडेपाच.

'सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज': पेनी पहिली.

'लिव्हिंग रूम फर्निचर': पेनी पहिली.

सायंकाळी ७ ते रात्री ९

या दोन तासांत गूगलने जे केलं त्याला 'मॅन्युअल ॲक्शन' म्हणतात. अल्गोरिदम सगळ्या जगाला एकच गणित लावतो. मॅन्युअल ॲक्शनमध्ये एक माणूस एका साइटचं नाव पाहून निर्णय घेतो. इथे साइट यादीतून उडवली गेली नाही, तिला खाली ढकललं गेलं. उडवण्याचंही उदाहरण होतं. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलमधून काही दिवस पूर्ण नाहीशी झाली होती, कारण शोधयंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच पान दाखवलं जात होतं. पेनीच्या वाट्याला त्यापेक्षा सौम्य शिक्षा आली. सौम्य हा शब्द अर्थात कागदावरचा.

प्लेनोत त्या वेळी कुणी ऑफिसात असेल तर त्याला काय दिसलं असेल, याचा अंदाज अशी कामं केलेल्या कुणालाही करता येईल. आधी वाटतं आपलाच ब्राउझर जुनं काहीतरी दाखवतोय. मग दुसऱ्या मशीनवरून बघायचं. मग फोनवरून. मग दुसऱ्या शहरातल्या सहकाऱ्याला विचारायचं. मग सर्व्हर बंद आहे का, कुणी चुकून पान उडवलं का. स्वतःची सगळी कुलपं तपासून झाल्यावरच लक्षात येतं, की चावी पलीकडे होती. २०११ मध्ये तर कारवाई झाल्याचं साइटच्या मालकाला एका पडद्यावर नीट दाखवण्याची सोयही नव्हती. ती दोन वर्षांनी आली.

रात्री ९

'लिव्हिंग रूम फर्निचर': ६८.

'सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज': ७१.

एका पानावर दहा निकाल धरले तर हे सातवं आणि आठवं पान. तिथवर कुणी जात नाही. ज्या जागेवरून महिन्याला लाखो माणसं येत होती, तिथून आता दुकान दिसतच नव्हतं. दुकान तेच, माल तोच, दर तेच. साइटवरचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

गुरुवार, १० फेब्रुवारी. एक दिवस उलटला

५९ शब्दांवरचा सरासरी क्रमांक ५२.

नऊ दिवसांपूर्वी १.३ होता.

शनिवार, १२ फेब्रुवारी

सीगल यांचा लेख टाइम्सच्या साइटवर आला, रविवारच्या अंकात छापून आला. सोमवारी व्हॅलेंटाइन डे होता. ड्रेस विकणाऱ्या दुकानाने यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून काढला नसता. कट्स यांनी ट्विटरवर लिहिलं त्याचा आशय असा, की अल्गोरिदमने काम सुरू केलं होतं, हाताने कारवाईही झाली. पण हे आमच्या यंत्रणेने खूप आधी पकडायला हवं होतं, त्यामुळे आनंद साजरा करण्यासारखं काही नाही. गूगलच्या माणसाकडून इतकी सरळ कबुली सहसा ऐकू येत नाही.

एसईओच्या जगात त्या शनिवार-रविवारी जी चर्चा झाली तिचा सूर दोन प्रकारचा होता. काहींना धक्का बसला की पेनीसारख्या कंपनीने हे होऊ दिलं. बाकीच्यांना धक्का बसला तो एवढाच, की पकडलं गेलं. स्पर्धकाला बुडवायचं असेल तर त्याच्यासाठी अशाच घाणेरड्या लिंका विकत घ्याव्यात का, हा प्रश्नही जोरात पुढे आला, आणि तो पूर्णपणे वेडगळ नव्हता. पैसे कुणी दिले हे सिद्ध करता येत नसेल, तर शिक्षा कुणाला?

गुरुवार, २४ फेब्रुवारी

दोन आठवड्यांत आणखी एक मोठं नाव खाली गेलं. ओव्हरस्टॉक या ऑनलाइन दुकानाने महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना १० टक्के सूट दिली होती. बदल्यात महाविद्यालयाच्या साइटवर दुकानाची लिंक. शैक्षणिक साइट्सचं मत वजनदार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. यात ॲल्युमिनियमचे पत्रे नव्हते, घोरणं नव्हतं. प्रतिष्ठित साइट्स, खरी माणसं, खरी सवलत, आणि तरीही सौदाच. शिक्षा सुमारे दोन महिने चालली. त्याच आठवड्यात गूगलने पुढे 'पांडा' म्हणून गाजलेला बदल अमेरिकेत लागू केला, पण तो पोकळ मजकुराविरुद्ध होता, लिंकांविरुद्ध नाही.

मे २०११

साधारण नव्वद दिवसांनी पेनी परत आली. जुने क्रमांक पुन्हा दिसू लागले, बरेचसे पहिल्या पानावर. पुढे २०२० च्या मे महिन्यात पेनीने दिवाळखोरी जाहीर केली, त्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. तरी दोन्ही तारखा शेजारी ठेवून गूगलने पेनीला बुडवलं असं सांगणारे भेटतात. पेनीला बुडवायला मॉलमधली ओस पडलेली दुकानं, कर्ज, व्यवस्थापनाचे फसलेले प्रयोग आणि शेवटी करोना पुरेसे होते.

शिक्षेच्या लांबीचा हिशेब मात्र लावून पाहण्यासारखा आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये इंटरफ्लोरा या फुलं पोचवणाऱ्या कंपनीवर अशीच कारवाई झाली. त्या वर्षी तिथला मदर्स डे मार्चमध्ये होता; फुलवाल्याच्या वर्षातला तो एक मोठा दिवस. अकरा दिवसांत इंटरफ्लोरा परत जागेवर, मदर्स डेच्या आधी. त्याच वर्षीच्या नाताळात रॅप जीनियस या गाण्यांच्या शब्दांच्या साइटने ब्लॉगवाल्यांना आवाहन केलं होतं, की आमच्या जस्टिन बीबरच्या पानांच्या लिंका लावा, आम्ही तुमचं ट्विट करू. २३ डिसेंबरला ते पत्र एकाने जाहीर केलं, नाताळच्या दिवशी साइट इतकी खाली गेली की स्वतःच्या नावावरही पहिल्या पानावर दिसेना, आणि ४ जानेवारीला परत. त्यांच्या इंजिनिअरांनी स्वतःकडे लिंक देणाऱ्या दीड लाखांहून अधिक पानांची तपासणी करायला प्रोग्राम लिहून लिंका साफ केल्या. पेनीला नव्वद दिवस, यांना दहा. ज्या साइटशिवाय गूगलच्या वापरणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं, तिची सुटका लवकर होते, असा माझा तर्क आहे. सांगलीच्या एखाद्या हळद विकणाऱ्या साइटवर अशी कारवाई झाली तर तिच्यासाठी गूगलवर कुणी हळहळणार नाही.

एप्रिल २०१२ आणि पुढे

२४ एप्रिल २०१२ ला गूगलने 'पेंग्विन' आणला. जे पेनीबाबत एका माणसाने दोन तासांत हाताने केलं, तेच आता यंत्र घाऊक करू लागलं. एका सकाळी हजारो लहान-मोठ्या साइट्स खाली गेल्या. यांच्यासाठी टाइम्सचा वार्ताहर लागला नाही, मुलाखत लागली नाही. ऑक्टोबरमध्ये गूगलने नकोशा लिंका नाकारण्याचं साधन दिलं: या लिंका माझ्या धरू नका, असं यादी देऊन सांगायचं. त्यातून एक नवाच धंदा निघाला. लिंक लावायला पैसे घेतलेले साइटवाले आता ती काढायलाही पैसे मागू लागले, आणि घाबरलेले लोक देऊ लागले.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये पेंग्विन सतत चालणाऱ्या यंत्रणेचा भाग झाला आणि त्याचं वागणं बदललं. वाईट लिंकेबद्दल अख्खी साइट खाली ढकलण्याऐवजी तो ती लिंक मोजतच नाही, शून्य धरतो. मॅन्युअल ॲक्शन अजून आहे, पण बहुतेकांच्या वाट्याला आता दोन तासांची कोसळण येत नाही. महिन्याला इतक्या लिंका इतक्या पैशांत घेतल्या जातात, क्रमांक जागचा हलत नाही, आणि एजन्सी सांगते की लिंका मुरायला सहा महिने लागतात. सहा महिन्यांनी ती सांगते की वेग थोडा वाढवून पाहू.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही छोट्या साइटच्या इनबॉक्समध्ये आठवड्याला एखादं तरी असं पत्र येतं. त्यात दरपत्रक असतं, साइट्सची यादी असते. एकेका नावावर जाऊन पाहिलं तर आज आरोग्य, उद्या क्रिप्टो, परवा घरदुरुस्ती असा सर्व विषयांवर लिहिणारा कारभार. आणि खाली ठळक अक्षरांत खात्री दिलेली असते: लिंका एकदम लागणार नाहीत, 'ड्रिप-फीड' पद्धतीने, रोज थोड्याथोड्या लागतील, गूगलला अगदी नैसर्गिक वाटतील. यादीतल्या कुठल्या पानावर तुमच्या पैठणीच्या दुकानाची लिंक शेजारच्या मजकुरात कशी काय शोभणार, याबद्दल पत्रात एक ओळही नसते.